फूटपट्टी कोणाच्या हाती?

मी बेसा येथे राहतो. नागपूरच्या दक्षिणेचे हे गाव कालपरवापर्यंत शेतांचे होते. आता ते इमारतींचे झाले आहे. येथून मुंबईचा समुद्र आगगाडीने ८३७ किलोमीटर. आमच्या मुलखात पाणी म्हणजे तलाव आणि मासा म्हणजे रोहू, कतला, फार तर मरळ. असल्या गावच्या माणसाने समुद्रातल्या जाळ्यांविषयी लिहावयास बसावे हे पाहून कोकणातला वाचक कपाळाला आठी घालील, याची मला कल्पना आहे. "समुद्र पाहायला ज्याला रात्रभर गाडीत बसावे लागते, त्याने आम्हांला भरती-ओहोटी शिकवू नये," असेही कोणी म्हणेल. म्हणू द्या. मी शिकवावयास बसलेलो नाही. मला एक तक्रार मांडावयाची आहे आणि ती तक्रार माझ्या ताटातून उठली आहे.

बेसा चौकाकडून पिपळ्याला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला संध्याकाळी एक ढिवरीण मासळी घेऊन बसते. तिच्या टोपलीत तलावाचा मासा असतोच. पण अलीकडे तिच्याजवळ बर्फाची एक पेटीही असते आणि त्या पेटीत समुद्राची मासळी असते. गेल्या हिवाळ्यात मी तिच्याकडून तीन पापलेटे घेतली. तळहातावर ठेवली तर बोटांच्या पहिल्या पेरापर्यंत जेमतेम पोचावीत एवढी. मी म्हटले, "बाई, ही तर अजून पोरे आहेत." ती म्हणाली, "गुरुजी, आता येवढीच येऊन राहिली जी. मोठी मासोळी बाहेरदेशी जाते म्हन्तात." आणि पैसे मोजता मोजता तिने मलाच विचारले, "आमच्या तलावात जाळ्यात बोटुकली आली तं आम्ही सोडून देतो. नाही सोडली तं सोसायटीत बोलनं खा लागते. समुद्रात असं सांगनारं कोनी नाही का जी?"

घरी येऊन मी एक वेडेपणा केला. पस्तीस वर्षे शाळेत काढल्यामुळे माझ्या टेबलावर लाकडी फूटपट्टी अजून आहे. ती मी त्या तीन पापलेटांना लावली. सर्वांत मोठे भरले १२ सेंटिमीटर.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. २०२३ च्या सप्टेंबरात महाराष्ट्र शासनाने पापलेटाला 'राज्यमासा' हा मान दिला. त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरविण्यात आली. त्याहून आखूड मासा धरू नये, असा नियम झाला. सुरमईला ३७० मिलिमीटर, बोंबलाला १८०, पापलेटाला १३५. म्हणजे माझ्या स्वयंपाकघरात आलेले तीनही मानकरी कायद्याच्या दृष्टीने अल्पवयीन होते. एका हाताने किताब द्यावयाचा आणि किताब मिळालेल्याला वयात येण्यापूर्वीच तव्यावर पाठवावयाचे, असा हा सत्कार आहे!

त्या बाईच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. पुढे मी त्याचा शोध घेतला आणि मला जे उत्तर सापडले ते असे : समुद्रात सांगणारे पुष्कळ आहेत. कायदा आहे, आदेश आहेत, समित्यांचे अहवाल आहेत. नाही ती एकच गोष्ट. ज्यांना सांगावेसे वाटते आणि सांगता येते, त्यांच्या हाती फूटपट्टी नाही. आणि ज्यांच्या हाती फूटपट्टी आहे ते बंदरापासून फार दूर बसले आहेत.

आमच्या शहरी सुशिक्षित वर्गाची या बाबतीतली समजूत मोठी सोपी आहे. सरकार शहाणे असते, ते माशांच्या हितासाठी नियम करते. मच्छीमार अडाणी असतो, तो पोटासाठी नियम मोडतो. मासेमारीवर बंदी आली की मोर्चा निघतो, मोर्चा निघाला की बंदी सैल होते. अशी ही गोष्ट आपण वर्तमानपत्रात वाचतो आणि चहाचा पेला खाली ठेवतो. माझे म्हणणे असे आहे की, ही गोष्ट पायाकडून डोक्याकडे वाचली पाहिजे. आपल्या किनाऱ्यावर जाळ्यांना आवर घाला ही मागणी प्रथम केली ती मच्छीमाराने. बेसुमार जाळी पाण्यात सोडण्यास उत्तेजन दिले ते सरकारने.

इतिहास फार जुना नाही. १९५२ साली नॉर्वे, भारत आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यात करार झाला आणि केरळात कोल्लमजवळ नीण्डकरा येथे मासेमारीच्या आधुनिकीकरणाचा प्रकल्प उभा राहिला. हेतू चांगला होता. छोट्या होड्यांना यंत्र मिळावे, मच्छीमाराचे कष्ट हलके व्हावेत, एवढाच. पण परदेशात कोळंबीला सोन्याचा भाव आला आणि समुद्राचा तळ खरवडीत जाणारे ट्रॉल जाळे हाच आधुनिकतेचा अर्थ होऊन बसला. कर्ज आले, अनुदान आले आणि ज्याने कधी वल्हे हाती धरले नव्हते असा भांडवलवालाही नाखवा झाला. १९७० नंतरच्या दशकात गोव्यात रापणकारांनी, म्हणजे तेथल्या भाषेत रांपणकारांनी, ट्रॉलरांविरुद्ध लढा उभारला. माथानी साल्ढाणा हे त्या लढ्याचे पुढारी. ते पेशाने शिक्षक होते हे सांगताना माझ्यासारख्या मास्तराला थोडा अभिमान वाटला तर वाचकांनी क्षमा करावी. गोव्यातच नव्हे, अनेक किनाऱ्यांवर तंटे माजले, माणसे मेली. केंद्राने मजुमदार समिती नेमली, नमुन्याचे विधेयक तयार झाले आणि त्यातून १९८० साली गोवा व केरळ यांचे आणि १९८१ साली महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन अधिनियम असे कायदे आले. म्हणजे ज्या कायद्याला आपण सरकारची कृपा समजतो, तो छोट्या मच्छीमाराने आपल्या रक्ताने मागून घेतलेला आहे.

आता ज्या जाळ्यावरून आज सर्वांत जास्त तंटा आहे त्या पर्ससीनविषयी. माझ्यासारख्या कोरड्या मुलखातल्या वाचकासाठी ते कसे चालते हे सांगितले पाहिजे. आपल्या आजीच्या कनवटीला बटवा असे. नाडी ओढली की त्याचे तोंड मिटे. पर्ससीन म्हणजे समुद्रातला बटवा. बांगड्याचा किंवा तारलीचा थवा दिसला की नौका त्याच्याभोवती जाळ्याची भिंत गोल उभी करते. वरची कड तरंगत राहते, खालच्या कडेला कड्या असतात आणि त्या कड्यांतून दोर ओवलेला असतो. दोर यंत्राने ओढला की तळ मिटतो आणि आख्खा थवा बटव्यात येतो. त्यात आई येते, लेकरू येते, आणि ज्याला बोलावले नव्हते तो शेजारीही येतो. या जाळ्याच्या एकेका घराला कोळी लोक 'आस' म्हणतात. आस मोठा असला तर लहान मासा निसटतो, बारीक असला तर कोणीच निसटत नाही. पुढे यात विजेच्या प्रखर दिव्यांची भर पडली. रात्री पाण्यावर दिवे पाजळावयाचे, मासा उजेडाला भुलून गोळा होतो, आणि मग बटवा ओढावयाचा. याला मासेमारी म्हणणे मला जड जाते. पाहुण्यांना दिवाळीच्या रोषणाईला बोलावून दार लावून घेण्यातला हा प्रकार आहे.

याला कायद्याने आवर घातलेला नाही असे नाही. डॉ. सोमवंशी यांच्या समितीच्या अहवालावरून ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्याने आदेश काढला. झाईपासून मुरुडपर्यंतच्या राज्याच्या पाण्यात पर्ससीनला मज्जाव. त्याच्या दक्षिणेला ठराविक खोलीबाहेर, आणि तेही सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच महिने. आस २५ मिलिमीटरपेक्षा बारीक नसावा. नवे परवाने नकोत आणि असलेले हळूहळू १८२ वर आणावेत. २०१७ च्या नोव्हेंबरात केंद्राने दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. २०२१ साली राज्याने मूळ कायदाच दुरुस्त केला. निवाड्याचे काम तहसीलदाराकडून काढून मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्याकडे दिले आणि दिव्यांच्या मासेमारीचा दंड वीस लाखांपर्यंत वाढविला. २०२५ च्या जानेवारीपासून आकाशात ड्रोनही फिरू लागले. कागदावर पाहाल तर आपल्या समुद्राइतका नियमबद्ध समुद्र दुसरा नसेल. आणि तरीही माझ्या फूटपट्टीवर १२ सेंटिमीटर!

दोन वर्षांपूर्वी निवृत्त शिक्षकांच्या एका मंडळीबरोबर मी मालवणला गेलो होतो. पहाटे किनाऱ्यावर रापण ओढताना पाहिली. होडी अर्धवर्तुळ करून जाळे सोडून येते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर असतात आणि मग सारा गाव ते ओढतो. तरुण पुढे, म्हातारे मागे, बायका टोपल्या घेऊन तयार. आम्हीही दोराला हात लावला. तास-दीड तासाने जाळे वाळूला लागले. त्यात फारसे काही नव्हते. थोडे पेडवे, थोडी किरकोळ मासळी. तरी वाटे पडले आणि ज्याच्याकडून आता जोर लागत नाही अशा एका आजोबांच्या पिशवीतही चार मासे गेले. मी त्यांच्याजवळ बसलो आणि शहाणपणाने विचारले, "सरकारच्या बंद्यांचा तुम्हांला त्रास होत असेल?" ते माझ्याकडे पाहतच राहिले. मग म्हणाले, "आमका बंदी नको म्हणान कोण सांगता? बंदी व्हयीच. पण ती रातीक दिवे पेटवतत तेंका पयली व्हयी." या दोन वाक्यांत जे आहे ते मी नंतर वाचलेल्या सगळ्या कागदांत मिळून नाही.

बंदीच्या दिवसांचेच उदाहरण घ्या. पूर्वी महाराष्ट्रात पावसाळी बंदी १० जूनपासून १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत असे. पुढे सर्व पश्चिम किनाऱ्याला एकच मोजमाप लावण्यात आले : १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस. हे दिवस अपुरे आहेत, ते वाढवा, निदान नारळी पौर्णिमेचा नारळ समुद्राला मिळू द्या आणि मग होड्या लोटू द्या, अशी मागणी महाराष्ट्रातल्या पारंपरिक मच्छीमारांच्या संघटना वर्षानुवर्षे करीत आहेत. मला सांगा, आणखी कोणत्या धंद्यातला माणूस आपले दुकान अधिक दिवस बंद ठेवू द्या म्हणून सरकारकडे अर्ज करतो? सराफ करतो? बिल्डर करतो? आणि अशा माणसाला आम्ही अडाणी म्हणतो!

पण विरोधी पक्षाची बाजू न ऐकता निकाल देणे हे मास्तरालाही शोभत नाही. पर्ससीनवाले म्हणतात, "आम्हीही कोकणचेच. आम्हीही मच्छीमारच. कर्ज काढून नौका बांधली. तिच्यावर पंचवीस-तीस खलाशी पोट भरतात, त्यांतले पुष्कळ नेपाळातून आलेले. चार महिन्यांच्या हंगामावर बारा महिन्यांचे हप्ते कसे फेडावेत? आम्ही परवाना घेतलेले कायद्याला सापडतो; बिनपरवान्याचे रात्री येऊन जातात. आम्हांला बारा सागरी मैलांत मज्जाव, आणि कर्नाटकाचे वेगवान ट्रॉलर आमच्या डोळ्यांदेखत सिंधुदुर्गाच्या पाण्यात शिरतात. मासा आम्ही नाही धरला तर दुसरा धरील."

यातले बरेच खरे आहे आणि ते खरे आहे हे मान्य करण्यात कमीपणा नाही. थव्याने फिरणाऱ्या माशासाठी हे जाळे खोल पाण्यात, मोजक्या संख्येने वापरले तर ते पाप आहे असे मीही म्हणणार नाही. २०२३ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूच्या नौकांना बारा मैलांबाहेर, आठवड्यातून फक्त सोमवारी व गुरुवारी, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा एवढ्या वेळात पर्ससीनची अंतरिम मुभा दिली. म्हणजे हे जाळे असावे की नसावे एवढाच प्रश्न नसतो. कोठे, किती आणि केव्हा हा खरा प्रश्न असतो. परंतु "मी नाही धरला तर दुसरा धरील" हा युक्तिवाद मात्र मी ऐकून घेणार नाही. जगात जेवढी झाडे तुटली, जेवढे तलाव बुजले, तेवढे सगळे या एका वाक्याने. हे वाक्य नियमाविरुद्ध नाही, ते नियमाच्या बाजूचे आहे. दुसरा धरू नये म्हणूनच तर नियम पाहिजे!

दुसरीकडे, 'पारंपरिक' म्हटले की डोळे मिटून हात जोडणाऱ्यांशीही माझे भांडण आहे. पालघर-वसईच्या बाजूला डोळ जाळे आहे. प्रवाहात खुंटाला बांधलेली ती लांबलचक पिशवी. बोंबील, जवळा तीत येतो. तिच्या शेपटीकडचा आस अतिशय बारीक असतो आणि त्यात पापलेटाची पिलेही सापडतात. सातपाटीचा दालदीवाला, ज्याने पापलेटाचे नाव जगभर नेले, तो या पिलांसाठी हळहळतो. आणि डोळवाला म्हणतो, माझा बोंबील मी कसा सोडू? शिवाय जाळी रोवण्याच्या जागा, म्हणजे कवी, यांवरून उत्तन-वसईकडचे आणि पालघर-डहाणूकडचे मच्छीमार कित्येक वर्षे एकमेकांशी भांडत आहेत. दोन्ही बाजूंना कोळीच आहेत, दोन्ही बाजूंना परंपरा आहे. तेव्हा 'समाजाचे मत' म्हणून एक गठ्ठा कोठे बांधून ठेवलेला नाही. मते अनेक आहेत, हितसंबंध अनेक आहेत. पण या भांडणाऱ्या सर्वांना एक गोष्ट ठाऊक आहे, जी मंत्रालयातल्या फायलीला ठाऊक नाही : मासा लहान होत चालला आहे.

काही पंडित अजून विचारतात, एवढा अथांग समुद्र, त्यातला मासा संपेल कसा? हा प्रश्न नवा नाही. १८८३ साली लंडनच्या मत्स्यप्रदर्शनात टी. एच. हक्स्ले यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञाने कॉडसारख्या समुद्रमाशांचे साठे माणसाच्या हातून संपणारे नाहीत, असे प्रतिपादन केले होते. त्या काळच्या होड्या पाहता ते त्यांना तसे वाटलेही असेल. पुढे काय झाले ते कॅनडातल्या न्यू फाउंडलँडच्या किनाऱ्याला विचारा. तेथे पाचशे वर्षे कॉड धरला जात होता. १९८० नंतर किनाऱ्याजवळचे छोटे मच्छीमार ओरडू लागले की, मासा कमी येतो आहे, लहान येतो आहे. सरकारी हिशेब मोठ्या ट्रॉलरांच्या भरलेल्या जाळ्यांवरून चालला होता. त्यात सर्व आलबेल दिसत होते. मोठी नौका उरलेला थवा हुडकून काढते म्हणून तिचे जाळे शेवटपर्यंत भरलेलेच राहते, एवढी साधी गोष्ट हिशेबनीसांच्या ध्यानात येईपर्यंत थवेच उरले नाहीत. २ जुलै १९९२ रोजी कॉडची मासेमारी बंद करावी लागली. हजारो घरांतल्या चुली थंडावल्या. दोन वर्षांसाठी म्हणून घातलेली ती बंदी उठायला २०२४ साल उजाडले!

आपल्याकडेही इशारा मिळून चुकला आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०१८ साली महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर २.९५ लाख टन मासळी उतरली होती. २०१९ साली ती २.०१ लाख टनांवर आली. पंचेचाळीस वर्षांतला हा नीचांक. त्या वर्षी 'क्यार' आणि 'महा' ही वादळे आली, होड्या बंदरात बसून राहिल्या, हे खरे. आणि पुढे आकडा सावरला हेही खरे. पण टनांचा आकडा फसवा असतो. हजार पोरे मारून शंभर मोठ्या माशांचे वजन भरून काढता येते. वजनकाट्याला वय कळत नाही. ते फूटपट्टीला कळते.

म्हणून मी फूटपट्टीवर येतो. ती कोणाच्या हाती द्यावी? माझे उत्तर : बंदरावरच्या मच्छीमार सहकारी संस्थेच्या हाती, आणि त्या संस्थेत मासळी विकणाऱ्या बाईला मानाची जागा देऊन. समुद्रात दहा मैलांवर गस्तीनौकेने चोर पकडावा ही अपेक्षा चांगली आहे. पण रात्रीच्या अंधारात एक गस्तीनौका किती समुद्र राखणार? मासा मात्र शेवटी कोठे तरी बंदराला लागतोच. तेथे लिलावाच्या वेळी पन्नास डोळे हजर असतात. आखूड मासा कोणाच्या पाटीत आहे, कोणाची नौका रात्री दिवे घेऊन गेली होती, हे त्या पन्नास डोळ्यांना सरकारच्या ड्रोनाच्या आधी कळते. आज त्या डोळ्यांना काही अधिकार नाही. पाहावयाचे आणि गप्प बसावयाचे. त्यांना अधिकार द्या. परवान्याचे नूतनीकरण संस्थेच्या सभेत वाचून दाखवा. कोणाला का दिला, कोणाला का नाकारला, हे सर्वांसमक्ष सांगा. दंडाचा काही भाग त्याच बंदराच्या कामाला लावा. बंदीचे दिवस ठरविताना पंचांगही पाहा आणि शास्त्रज्ञांनाही विचारा. दोघांचे फारसे वैर नाही असे आढळेल. आणि संस्था आपल्याच माणसाला पाठीशी घालू लागली, तर तिच्यावर सरकारी अधिकारी बसू द्या. पण आधी तिला बसू तर द्या.

हे स्वप्नरंजन नव्हे. जपानने १९४९ च्या कायद्याने किनाऱ्याजवळच्या मासेमारीचे हक्क गावोगावच्या मच्छीमार सहकारी संस्थांकडे सोपविले. पण जपान कशाला? माझ्या घरापासून दोन-तीन तासांच्या वाटेवर भंडारा आणि गोंदिया आहेत. तेथले मालगुजारी तलाव १९५१ साली मालगुजारी गेल्यावर सरकारजमा झाले. त्यांत बाहेरची मत्स्यबीजे सोडली गेली, बेशरमाने काठ व्यापले आणि देशी मासे दिसेनासे झाले. अलीकडे तेथल्या काही ढिवर सहकारी संस्थांनी काठची बेशरम उपटून पाण्यात देशी वनस्पती लावल्या, विणीच्या जागा राखल्या, आणि गेलेले मासे परत आले. हे कोणी केले? ज्यांना आपण पाटीवाले म्हणून हाक मारतो त्यांनी. कोणती वनस्पती कोणत्या माशाचे माहेर आहे हे त्यांना माहीत होते. त्यांना विचारणारे कोणी नव्हते एवढेच.

आणि आता ज्यांनी मला "तुला काय करायचे आहे?" असे विचारले होते त्यांना उत्तर. बारा सागरी मैलांपर्यंतचा समुद्र राज्याच्या अखत्यारीत आहे. राज्य म्हणजे सातपाटी आणि मालवण तसेच बेसाही. नौकांच्या डिझेलाला जी सूट मिळते ती माझ्याही करातून जाते. जो मासा पोरवयात मारला जातो तो माझ्याही ताटात येतो, आणि गिऱ्हाईक म्हणून त्या पापात माझा वाटा आहे. शिवाय १९५३ च्या नागपूर करारामुळे राज्याचे विधिमंडळ वर्षातून एकदा आमच्या दारी येते. हा दिवाळी अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा पर्ससीनचा कायदेशीर हंगाम अर्धा उलटलेला असेल. तो ३१ डिसेंबरला संपतो. आमच्याकडचे अधिवेशनही डिसेंबरातलेच. माननीय सदस्य येतील, संत्री खातील, थंडीची तारीफ करतील. त्यांना माझी विनंती एवढीच की, एखाद्या संध्याकाळी बेसा चौकात यावे. फूटपट्टी मी देईन. त्या बाईच्या पेटीतले एक पापलेट त्यांनी स्वतः मोजावे आणि ते कोठून, कोणाच्या जाळ्यातून, कोणाच्या परवानगीने येथवर आले याचा जाब सभागृहात मागावा.

मी स्वतः काय करतो? फार काही नाही. आता तळहाताएवढे पापलेट घेत नाही. परवा तिने पेटी उघडून दाखविली तेव्हा मी मान हलविली आणि रोहू घेतला. ती हसली. म्हणाली, "तुमी नाही घेतली तं दुसरा घेऊन जाते, गुरुजी." हे वाक्य मी नुकतेच मोठ्या तोऱ्यात खोडून काढले आहे, पण तिच्यापुढे मला ते खोडता आले नाही. तिला रात्री घरी चूल पेटवायची असते. तिच्यापुढे मी काय युक्तिवाद करणार? तो ज्यांच्यापुढे करावयाचा, ते डिसेंबरात येत आहेत.